मीटिंग कुठे भरते, हे गुपित कशाला?

तंबाखूच्या पाकिटावर २०१८ पासून एक टोल-फ्री नंबर छापावा लागतो. भीतीदायक चित्राच्या जोडीला सरळ सांगितलेलं असतं: आजच सोडा, या नंबरवर फोन करा. दारूच्या बाटलीवर २०१९ पासून इशारा सक्तीचा झाला. मद्यपान आरोग्याला घातक आहे, पिऊन गाडी चालवू नका, एवढं तिच्यावर असतं. नंबर नसतो. ज्याला ती बाटली सोडायची आहे त्याने कुठे जायचं हे बाटली सांगत नाही, विकणारा सांगत नाही, आणि बऱ्याचदा ज्या दवाखान्यात तो लिव्हरच्या त्रासासाठी दाखल होतो तो दवाखानाही सांगत नाही. डिस्चार्ज कार्डावर ‘दारू पूर्ण बंद’ अशी ओळ लिहिली की काम संपलं असं समजलं जातं.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. त्यानुसार दारूमुळे ज्यांना मदतीची गरज आहे असे सुमारे पावणेसहा कोटी लोक देशात आहेत. दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा उपचार मिळतो. खाटेवर दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांमागे एक. हे आकडे पुढे ठेवून केंद्रं वाढवा, खाटा वाढवा अशी मागणी होते. ती रास्त आहे. पण केंद्रातून माणूस महिना-सव्वा महिन्याने घरी येतो. घर तेच, गल्ली तीच, पगाराचा दिवस तोच. त्यानंतरची वर्षं काढायची असतात ती आठवड्यातून दोन-तीनदा संध्याकाळी कुठल्यातरी शाळेच्या वर्गात भरणाऱ्या, दारू सोडलेल्यांच्या मदत गटाच्या मीटिंगच्या आधाराने. ही मीटिंग कुठल्या वारी, किती वाजता, कुठल्या खोलीत भरते ही सार्वजनिक आरोग्याची माहिती आहे. लसीकरणाचा दिवस आशाताई जशी घरोघर सांगते तशी ही माहितीही शासनाच्या यंत्रणेने सांगितली पाहिजे, आणि त्या मीटिंगला खोली मिळवून द्यायला मदत केली पाहिजे, एवढंच आमचं म्हणणं आहे.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए.ए., १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी सुरू झालं. एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूने पोखरलेले, एकमेकांशी बोलल्यामुळे न पिता राहू शकले, हे त्याचं बीज. भारतात ही चळवळ १९५७ मध्ये आली. सभासद होण्याची अट एकच: दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, फॉर्म नाही, ओळखपत्र नाही. महाराष्ट्रात याखेरीजही वाटा आहेत. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातून उपचार घेऊन गेलेल्यांसाठी गावोगावी पाठपुराव्याचे गट चालतात. फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्यात सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनचं काम आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी साताऱ्यात उभी केलेली ‘परिवर्तन’ ही संस्था आहे. गोव्यातही गट आहेत. म्हणजे पर्याय नाहीत अशी स्थिती नाही. ते सापडत नाहीत, ही अडचण आहे.

सापडत नाहीत म्हणजे नेमकं काय होतं? इंटरनेटवर शोधलं तर आधी खासगी केंद्रांच्या जाहिराती येतात. ‘मीटिंग’ असा शब्द घालून विचारलं तरी फोन उचलणारा ‘पेशंटला घेऊन या, गाडी पाठवू का’ असं म्हणाला, तर तो मदत गट नाही, धंदा आहे. फोन ठेवावा. ए.ए. इंडियाच्या संकेतस्थळावर आणि मोठ्या शहरांतल्या इंटरग्रुपकडे, म्हणजे तिथल्या गटांच्या सामाईक कार्यालयाकडे, गटांच्या याद्या असतात. तिथला हेल्पलाइनचा फोन सहसा स्वतः दारू सोडलेला सभासदच उचलतो. त्याला पाच गोष्टी विचाराव्यात: माझ्या घरापासून जवळचा गट कोणता, तो कुठल्या वारी भरतो, मीटिंग खुली (सगळ्यांसाठी) आहे की बंद (फक्त सोडू इच्छिणाऱ्यांसाठी), भाषा कोणती, आणि आज ती नक्की भरणार आहे का.

हा पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण छापील यादी जुनी होते. मुंबई-पुण्यातले बरेचसे गट महापालिकेच्या शाळांत किंवा चर्चच्या आवारात भरतात. मे महिन्याच्या सुट्टीत शाळा बंद असते, दहावी-बारावीच्या परीक्षेत वर्ग मिळत नाही, निवडणूक आली की खोलीत मतदान केंद्र बसतं, गणपतीत सभागृह मंडळाकडे जातं. शिपाई बदलला आणि किल्लीची व्यवस्था लागली नाही तर गट पंधरा दिवस कुणाच्या तरी गच्चीवर भरतो. जुन्या सभासदांना हे व्हॉट्सअ‍ॅपवर कळतं. नव्याला कळत नाही. तो हिंमत गोळा करून येतो, कुलूप बघतो आणि परत जातो. परतीच्या वाटेवर दुकान असतंच.

शाळा उघडी असली तरी खोली सापडेल याची खात्री नाही. बाहेर ‘दारुड्यांची सभा’ असा फलक कुणी लावत नाही, आणि तो लागूही नये. अनेक ठिकाणी दारावर वर्तुळात त्रिकोणाचं छोटं चिन्ह किंवा नुसतं ‘ए.ए.’ लिहिलेला कागद असतो. ते चिन्ह ओळखीचं नसलेला माणूस वॉचमनला काय विचारणार? म्हणून फोनवरच सांगून टाकावं की पहिल्यांदा येतोय, गेटवर कुणी भेटेल का? ही मागणी करायला लाजू नये. नव्या माणसाला घ्यायला जाणं हे जुन्या सभासदाच्या कार्यक्रमाचाच भाग आहे. त्याची स्वतःची दारू त्यामुळेच सुटलेली राहते अशी त्यांची धारणा आहे. काही वेळा दोघे जण घरीही येतात. एकट्याने जायचं नाही, दोघांनी जायचं, असा त्यांचा अनुभवातून आलेला शिरस्ता आहे.

तालुक्याच्या गावी गट नसेल तर जिल्ह्याच्या गावचा गट शोधावा आणि येण्याजाण्याचा हिशेब आधी करावा. संध्याकाळी सात ते साडेआठची मीटिंग आणि शेवटची एस.टी. आठ वाजता, असा मेळ असेल तर दुसऱ्याच आठवड्यात जाणं बंद पडतं. मग रविवारी सकाळी भरणारा गट पाहावा. मधल्या दिवसांसाठी ऑनलाइन मीटिंग आहेत. २०२० च्या टाळेबंदीत त्या वाढल्या आणि पुढेही राहिल्या. कुवेतमध्ये किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला आपल्या भाषेत बोलायची तीच सोय आहे. पण गावात गट असताना केवळ ओळख लपवायची म्हणून ऑनलाइनवर भागवू नये. कॅमेरा बंद करून ऐकणाऱ्याच्या हाताची थरथर कुणाला दिसत नाही.

थरथरीवरून एक इशारा द्यायला हवा. रोज भरपूर पिणाऱ्याने ‘आजपासून मीटिंग, आजपासून बंद’ असं एका दमात करू नये. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम येतो, झोप जाते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भास होणं, माणसं न ओळखणं, ताप चढणं असं झालं तर जिवाला धोका असतो. गावाकडे याला बाहेरची बाधा समजून देवऋषीकडे नेतात आणि मोलाचे तास जातात. पूर्वी दारू तोडताना फिट आलेली असेल, वय जास्त असेल, कावीळ किंवा लिव्हरचा आजार असेल तर आधी जिल्हा रुग्णालयात किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. काही दिवस कमी-कमी करत नेण्याच्या गोळ्या मिळतात, बी-१ म्हणजे थायमिनची इंजेक्शनं मिळतात. थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, आणि ‘अशक्तपणा आहे, बाटली लावू’ हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. डॉक्टरांना दारूचं प्रमाण खरं सांगावं. क्वार्टर किती, देशी की हातभट्टी, शेवटची कधी घेतली, हे सगळं. शरीर सावरेपर्यंतचे आठ-दहा दिवस दवाखान्याचे, पुढचे मीटिंगचे. दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

खोलीत गेल्यावर काय होतं याची भीती अनेकांना रस्त्यातच अडवते, म्हणून तेही सांगायला हवं. दहा-पंधरा खुर्च्या असतात, कधी पाच. एक जण मीटिंग चालवतो, प्रस्तावना वाचली जाते, मग एकेक जण बोलतो: नाव, मी अल्कोहोलिक आहे, आणि आपली गोष्ट. यालाच शेअरिंग म्हणतात. मधे कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही, उलटतपासणी करत नाही. नव्याने बोललंच पाहिजे असं नाही. ‘आज फक्त ऐकतो’ म्हटलं की पुरतं. नाव फक्त पहिलं सांगायचं, तेही खरंच असलं पाहिजे असं नाही. शेवटी पिशवी फिरते, तिच्यात सभासद स्वखुशीने पैसे टाकतात आणि त्यातून भाडं, चहा, पुस्तकं निघतात. नव्याने काहीही टाकायची गरज नाही. खुल्या मीटिंगला घरचे, विद्यार्थी, समाजसेवक कुणीही बसू शकतं. बंद मीटिंग फक्त ज्याला स्वतःला सोडायची आहे त्याच्यासाठी. पिऊन गेलं तर? बहुतेक ठिकाणी हाकलत नाहीत. गप्प बसून ऐका, उद्या फोन करा, असं सांगतात.

पहिल्याच गटात मन रमेल असं नाही. कुठे सगळे निवृत्त लोक असतात आणि पंचविशीतला पोरगा बुजतो. कुठे चर्चा इंग्रजीत सरकते. कुठे एखादा ज्येष्ठ सभासद फार उपदेश करतो, आणि क्वचित एखादा मानसोपचाराच्या गोळ्या बंद कर असंही सांगतो. गोळ्यांबाबत मुळीच ऐकू नये. सभासदाने डॉक्टर होऊ नये अशीच ए.ए.ची स्वतःची भूमिका आहे. पाच-सहा मीटिंग झाल्याशिवाय ठरवू नका, आणि जमत असेल तर दोन-तीन वेगवेगळे गट पाहा. पहिल्या दिवशी किमान दोघांचे फोन नंबर घेतल्याशिवाय निघू नका. संध्याकाळी साडेसहाला जीव कासावीस होतो तेव्हा नंबर कामाला येतो, तत्त्वज्ञान येत नाही.

या सगळ्याचा उपयोग होतो का, असा प्रश्न रास्तपणे विचारला जातो. कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० साली २७ अभ्यासांचा, दहा हजारांवर लोकांच्या माहितीचा आढावा घेतला. ए.ए.शी पद्धतशीरपणे जोडून दिलेल्यांपैकी सुमारे ४२ टक्के लोक वर्षाच्या टप्प्यावर पूर्ण दारूमुक्त होते. इतर मानसोपचार पद्धतींनी उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे ३५ टक्के होतं. त्यातलं बहुतेक संशोधन पाश्चात्त्य देशांतलं आहे, त्यामुळे आकडे जसेच्या तसे गडचिरोलीला लावता येणार नाहीत. पण ‘पद्धतशीरपणे जोडून दिलेल्या’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. अमेरिकेत १९८१ साली सिसन आणि मॅलम्स या संशोधकांनी एक छोटा प्रयोग केला. दहा जणांना मीटिंगचा पत्ता आणि वेळ सांगून जा म्हटलं. दुसऱ्या दहा जणांच्या बाबतीत समुपदेशकाने त्यांच्यासमोरच एका सभासदाला फोन लावला, सभासद त्यांच्याशी बोलला, सोबत न्यायची तयारी दाखवली आणि मीटिंगच्या आधी आठवणीचा फोन केला. दुसऱ्या गटातले दहाच्या दहा गेले. पहिल्यातला एकही गेला नाही. प्रयोग वीस माणसांचा आहे, त्यावर इमले बांधू नयेत. तरी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतून आज काय मिळतं ते पाहा. आपल्याकडे बहुतेकांना पहिल्या गटाइतकंही मिळत नाही, पत्तासुद्धा नाही.

यावर एक आक्षेप खुद्द चळवळीच्या आतून येतो: आम्ही निनावी आहोत, जाहिरात करत नाही. ही परंपरा मोलाची आहे आणि तिला कुणी हात लावू नये. पण निनावीपणा माणसाचा आहे, खोलीचा नाही. कोण येतं हे कुणालाही कळता कामा नये. कुठे आणि कधी भरतं हे सगळ्यांना कळलं पाहिजे. सार्वजनिक माहिती पोचवण्यासाठी खुद्द ए.ए.मध्ये समित्या असतात, रुग्णालयांत आणि तुरुंगांत जाणारे सभासद असतात. त्यांचे हात थोडे आहेत, एवढाच प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप देवाचा. ए.ए.चा कार्यक्रम ज्या बारा पायऱ्यांचा आहे त्यांत ‘आपल्याला उमजलेला ईश्वर’ येतो, प्रार्थना येते. महाराष्ट्रात विवेकवादी परंपरा बळकट आहे आणि तिला हे खटकणं स्वाभाविक आहे. अनेक नास्तिक सभासद त्या जागी गटालाच आपली शक्ती मानतात आणि त्यांना कुणी अडवत नाही. तरी ज्याला हे नकोच असेल त्याला दुसरी वाट दाखवायला हवी. म्हणून सरकारी यादीत फक्त ए.ए. असून चालणार नाही. मुक्तांगणचे पाठपुरावा गट, परिवर्तनसारख्या संस्थांचे कार्यक्रम, रुग्णालयांतले समुपदेशन गट, सगळे हवेत.

आपल्याकडे याहून जुनी एक वाट आहे, ती वारकऱ्यांची. तुळशीची माळ घातली आणि दारू सुटली अशी माणसं खेड्याखेड्यांत आहेत. तिथेही एकादशी असते, भजन असतं, आपल्याकडे लक्ष ठेवणारी माणसं असतात, आणि त्या सोबतीमुळेच ते टिकतं. पण घसरण झाली की माळ उतरवावी लागते, आणि त्या शरमेने माणूस पुन्हा मंडळींसमोर येत नाही. मदत गटाची मोठी ताकद इथे आहे. घसरलेल्याला तिथे दुसऱ्या दिवशी यायला सांगतात. तो पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागतो, आणि खोलीतल्या बहुतेकांनी ते कधी ना कधी केलेलं असतं. माळकऱ्याने माळ ठेवून मीटिंगलाही जावं, त्यात काहीच विसंगत नाही.

घरच्या माणसांना तर कुणीच काही सांगत नाही. भिंतींवर आणि लोकलच्या डब्यांत ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती असतात, आणि हताश झालेली बायको भाजीत पूड कालवते. अशा पुडीत काय आहे हे तिला ठाऊक नसतं. डायसल्फिरामसारखं औषध असेल आणि त्यावर माणूस प्यायला, तर चेहरा लाल होणं, उलट्या, रक्तदाब कोसळणं आणि क्वचित मृत्यूही ओढवू शकतो. त्याचा परिणाम शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, माणसाला सांगून, त्याच्या संमतीने ते दिलं तर उपयोगी आहे. चोरून कधीही नाही. बायको, आई, नवरा, भाऊ यांच्यासाठी अल-अ‍ॅनॉन नावाचे वेगळे गट आहेत, किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन आहे, मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. पिणारा यायला तयार नसला तरी घरच्यांनी जायला हरकत नाही. बरेचदा घरात पहिला बदल तिथूनच सुरू होतो: उधारी फेडणं थांबतं, साहेबांना ‘ताप आलाय’ असा खोटा फोन करणं थांबतं.

स्त्रियांची अडचण आणखी बिकट आहे. त्याच राष्ट्रीय पाहणीत दारू पिणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण १.६ टक्के आढळलं, पुरुषांचं २७.३ टक्के. त्यामुळे बहुतेक खोल्यांत सगळे पुरुष असतात, आणि संध्याकाळी साडेआठला त्यांच्यातून एकटीने बाहेर पडताना बाई ओळखली जाते. तिने हेल्पलाइनवर स्त्री सभासदाशीच बोलायची मागणी करावी, आणि स्त्रियांच्या स्वतंत्र ऑनलाइन मीटिंगपासून सुरुवात करावी. दाखल व्हावं लागलं तर मुक्तांगणचा ‘निशिगंध’ हा स्त्रियांसाठीचा वेगळा विभाग आहे.

आता शासनाने काय करायचं ते. व्यसनमुक्तीसाठी केंद्राची १४४४६ ही हेल्पलाइन आहे, मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. हे दोन नंबर प्रत्येक परवानाधारक दुकानाच्या आणि बारच्या दर्शनी भागात, दरपत्रकाइतक्याच ठळक अक्षरांत लावण्याची अट परवान्यातच घालता येईल. राज्य उत्पादन शुल्क विभाग दुकानांची तपासणी करतोच. त्यात आणखी एक रकाना वाढेल. पण नंबर लावून पलीकडच्या माणसाकडे स्थानिक गटांची यादीच नसेल तर उपयोग शून्य. म्हणून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या समाजसेवकाकडे एक निश्चित काम द्यावं: दर तीन महिन्यांनी जिल्ह्यातल्या प्रत्येक गटाला फोन करून वार, वेळ, जागा, भाषा आणि संपर्काचा नंबर ताडून पाहायचा, ही यादी प्राथमिक आरोग्य केंद्रं, पोलीस ठाणी, कौटुंबिक न्यायालय आणि ग्रामपंचायतींकडे पाठवायची, आणि परीक्षा, सुट्टी, निवडणूक यांच्या आधी बदललेली जागा कळवायची. महिन्यातले दोन दिवस पुरतील.

खोलीचं काय? ए.ए. बाहेरून अनुदान घेत नाही, ती त्यांची परंपरा आहे, म्हणून निधी देऊ करण्यात अर्थ नाही. पण भाडं ते भरतात. शाळा सुटल्यावर रिकामा पडणारा एक वर्ग, दिवा-पंख्यासह, आठवड्यातून ठरलेल्या दोन संध्याकाळी, नाममात्र भाड्याने, अकरा महिन्यांच्या लेखी कराराने, एवढं महापालिका आणि जिल्हा परिषदा सहज देऊ शकतात. करारात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात. किल्ली कुणाकडे राहील. वर्ग मिळत नसेल त्या आठवड्यात पर्यायी जागा कोणती. आणि येणाऱ्यांची नावं, आधार क्रमांक किंवा सह्यांचं रजिस्टर कुणीही मागणार नाही. तिसरी अट नसेल तर बाकी दोन्ही निरुपयोगी आहेत, कारण हजेरीचं रजिस्टर ठेवलं त्या संध्याकाळी खोली रिकामी होईल.